पुसलं की जातं, वाळलं की परत दिसतं: रंगकामानंतरचे फरशीवरचे डाग

घराला रंग देऊन झाला की दोन-तीन दिवसांत हा प्रश्न उभा राहतोच. फरशी चार-पाच वेळा पुसून झालेली असते. ओली असताना ती अगदी लख्ख दिसते, पण पंख्याखाली वाळली की सगळीकडे पुन्हा पांढरट सावट. मग साबण होतो, फिनेल होतं, धुण्याचा सोडा होतो आणि शेवटी कुणीतरी सांगतं, "अ‍ॅसिड टाका, एका मिनिटात जाईल." त्या अ‍ॅसिडच्या बाटलीपाशी कुणी पोचू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी सासूबाईंच्या घराला रंग दिला. जुनं घर आहे. खाली मोझॅकच्या लाद्या, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा. काम संपल्यावर साफसफाईला आलेल्या मुलाने ओट्यावर आणि ओट्याखालच्या लाद्यांवर अ‍ॅसिड ओतलं. पांढरा फेस आला. "बघा, घाण कशी वर येतेय," असं तो म्हणाला. ती घाण नव्हती, दगड विरघळत होता. चाळीस वर्षं रोज पुसून पुसून आरशासारखा झालेला ओटा त्या दिवशी राखेच्या रंगाचा झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण नंतर कितीतरी दिवस त्या भाजी चिरायला ओट्यापाशी उभ्या न राहता टेबलावर बसायच्या. तेव्हापासून मी रंगाच्या डागांच्या मागेच लागले. रंगाऱ्यांना विचारलं, फरशी पॉलिश करणाऱ्यांना विचारलं आणि घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यात करून पाहिलं.

आधी ते पांढरं सावट घेऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

सावट नक्की कशाचं आहे?

दिसायला सारखीच, पण कारणं चार. फरशी पूर्ण वाळू द्या आणि कोरडं बोट दाबून फिरवा.

बोटाला पीठ लागलं, तर ती भिंत घासतानाची पुट्टीची धूळ आहे. पुट्टीत पांढरं सिमेंट आणि दगडाची बारीक पूड असते. पॉलिशपेपरने घासलं की तिचं मैद्यासारखं पीठ होतं. ओल्या पोछ्याने पुसताना हे पीठ पाण्यात मिसळतं, फरशीभर पसरतं आणि पाणी उडून गेलं की जिथल्या तिथे बसतं. एकाच बादलीत फडकं पिळून पुन्हा पुन्हा पुसणं म्हणजे फरशीला पातळ चुना लावण्यासारखंच आहे. शिवाय सिमेंट पाण्याने घट्ट होतं. लाद्यांच्या सांध्यांत बसलेलं हे पीठ दोन-तीनदा ओलं झालं की मग निघता निघत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी पाणी अजिबात नको. वरून खाली या. आधी पंख्याची पाती, मग दारांच्या चौकटींचा वरचा काठ, पडद्यांचे रॉड, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या खाचा. हे सगळं राहिलं, तर फरशी पुसून झाल्यावर पंखा लावताच तीच धूळ पुन्हा खाली येते. मग पंखे बंद ठेवून मऊ केरसुणीने हळूहळू केर काढा. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. त्यानंतर घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. दोन बादल्या घ्या, एक फडकं खळबळायला आणि एक स्वच्छ पाण्याची. प्रत्येक खोलीनंतर दोन्हींतलं पाणी बदला. आणि मुख्य म्हणजे फरशी आपोआप वाळू देऊ नका. ओली असतानाच दुसऱ्या कोरड्या सुती फडक्याने पाणी टिपून घ्या. पीठ पाण्यात असतं तोवरच ते उचलता येतं. असं दोनदा केलं की बहुतेक घरांतलं सावट जातं. त्यात साबणही नको, फिनेलही नको.

एवढं करूनही चार दिवसांनी भिंतीच्या कडेला पुन्हा पांढरं दिसत असेल, तर भिंतीवर तळहात फिरवून पाहा. हाताला पांढरं लागलं तर धूळ भिंतच सोडते आहे. चुन्याचा हात दिलेला असेल, साधा डिस्टेंपर असेल, किंवा कपाटामागची भिंत नुसती पुट्टी लावून रंग न देता सोडलेली असेल. अशा वेळी फरशी कितीही पुसली तरी उपयोग नाही. रंगाऱ्याला बोलावून ती भिंत नीट झाकून घ्यायला हवी.

बोटाला काहीच लागलं नाही, तर नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून बघा. पापुद्रा निघाला, तर ती घट्ट बसलेली पुट्टी किंवा चुना आहे. लादी व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिकची असेल तर एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी असं भिजवलेलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा, मग घासणीने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. सांध्यांवर मात्र जास्त वेळ ठेवू नका, तिथलं सिमेंटही व्हिनेगरने झिजतं. लादी दगडाची किंवा मोझॅकची असेल तर व्हिनेगरही नको. ओल्या फडक्याने जागा भिजवत ठेवायची आणि कार्डाने खरवडायची. वेळ लागतो, पण फरशी शाबूत राहते.

नखाने खरवडूनही काही निघत नाही आणि पांढरेपणा तसाच आहे? मग दोन शक्यता उरतात. तळमजल्याचं घर असेल तर जमिनीतली ओल क्षार वर आणत असेल. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून फरशीवर दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर ओल खालून येते आहे, आणि रंगकामाचा त्याच्याशी संबंध नाही. दव नाही, पीठ नाही, पापुद्रा नाही, पण ओली केली की फरशी सुंदर दिसते आणि वाळली की पांढरी, तर मात्र तिथे अ‍ॅसिड पडलेलं आहे. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडलेले असतात. पाण्याने ते भरतात तेव्हा रंग खोल दिसतो, पाणी उडालं की ते पुन्हा मोकळे होतात. हा डागच नव्हे, त्यामुळे तो पुसून जाणार नाही. आमच्या ओट्याचं हेच झालं होतं.

अ‍ॅसिड कुठे चालत नाही

कडाप्पा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून येतो, शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादहून, कोटा राजस्थानातून. रंग वेगळे, पण हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही त्याच कुळातला. मोझॅकची लादी सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या घालून केलेली. म्हणजे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली जवळजवळ प्रत्येक फरशी अ‍ॅसिडने विरघळणारी आहे. याचा पुरावा प्रत्येकीच्या ओट्यावर असतो. लिंबू पिळताना जिथे थेंब पडला, चिंचेने देवाची भांडी घासताना जिथे पाणी साचलं, तिथे कडाप्पा निस्तेज झालेला दिसतो. चिंचेने एवढं होत असेल तर बाटलीतल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने काय होईल?

लोक म्हणतात, पॉलिशवाले तर अ‍ॅसिड वापरतातच. ते खरं आहे, मोझॅक घोटताना शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड वापरण्याची पद्धत आहे. पण ती मशीन चालू असताना, मोजून, लगेच धुऊन टाकण्यासाठी असते. ती पूड विषारी आहे आणि घरात ठेवण्याची वस्तू नाही. त्यावरून बाथरूमची बाटली फरशीवर ओतायचं धाडस करू नये.

आणखी एक. अ‍ॅसिडच्या वाफांनी जवळचे स्टीलचे नळ आणि भांडीही गंजतात. आणि अ‍ॅसिडनंतर "जरा जास्त स्वच्छ व्हावं" म्हणून त्यावर ब्लीच टाकलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ही दोन्ही एकाच दिवशी एकाच जागी कधीही वापरू नका.

अ‍ॅसिड पडून गेलंच असेल तर उपाय एकच, घोटाई. मोझॅकला पॉलिशवाल्याचं मशीन लागतं. ओट्याचं आम्ही घरीच केलं. पाण्याने भिजवून आधी ४०० नंबरचा वॉटरपेपर, मग ८००, मग १२००, गोल गोल फिरवत. वाळल्यावर तेलाचा अगदी पातळ हात. सलग तीन रविवार लागले. पूर्वीचा आरसा परत आला नाही, पण ओटा काळा झाला आणि सासूबाई पुन्हा तिथे उभ्या राहू लागल्या.

थेंब आणि ओघळ: कोणता रंग आहे ते आधी ठरवा

आता खरे रंगाचे डाग. इथे नेहमीची चूक म्हणजे हातात पहिलं काय येईल ते ओतणं, आणि बहुतेक वेळा ते थिनर असतं. त्याऐवजी दोन मिनिटांची परीक्षा करा. ओलं फडकं डागावर मिनिटभर दाबून चोळा. रंग फडक्यावर उतरला तर साधा डिस्टेंपर किंवा चुना. नाही उतरला तर मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन चोळा. कापूस रंगला आणि डाग चिकट झाला तर तो प्लास्टिक पेंट, म्हणजे इमल्शन. स्पिरिटनेही काही झालं नाही तर ऑइलपेंट.

इमल्शन पाण्यात कालवलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं ते पाण्याने जाईल. ओलं असताना जातंच. पण पाणी उडालं की त्यातले प्लास्टिकसारखे कण एकमेकांना चिकटून अखंड पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. मात्र तो गरम झाला की मऊ पडतो. कडक गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं थेंबांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा बदला, आणि कार्ड आडवं धरून खालून सारा. थेंब टिकलीसारखा अख्खा उचलला जातो. ज्या दिवशी मला हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी अख्खा हॉल गुडघ्यांवर बसून साफ केला! राहिलेल्या खुणांना स्पिरिटचा कापूस मिनिटभर दाबून ठेवला की त्याही जातात.

ऑइलपेंटचं गणित वेगळं. तो नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून पक्का होतो. म्हणून त्याच दिवशी टर्पेंटाइनने सहज निघणारा थेंब महिन्याभराने टर्पेंटाइनला दाद देत नाही. ताजा असेल तर आधी कोरड्या चिंधीने टिपून घ्या, पुसू नका, पुसलं की पसरतो. मग चिंधीचा कोपरा टर्पेंटाइनमध्ये भिजवून बाहेरून आत असं पुसत या आणि प्रत्येक वेळी चिंधीची नवी बाजू घ्या. जुन्या थेंबाला व्हिट्रिफाइड लादीवर ब्लेड जवळजवळ सपाट धरून सोलणं हाच उत्तम मार्ग. पेंट रिमूव्हर आणलाच तर डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का पाहा. असेल तर बंद बाथरूममध्ये तो मुळीच वापरू नका, त्याच्या वाफांनी माणसं दगावलेली आहेत.

दगडावर सांडलेल्या ऑइलपेंटवर भसाभस थिनर ओतलं की रंग पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत उतरतो. वरचा डाग जातो आणि आठवड्याने तिथे काळपट कडं उमटतं. हेही "परत येणारं" दुखणंच. त्यावर लेप लागतो. खडूची पूड आणि टर्पेंटाइन कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, डागावर बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीने थापायचं, वर प्लास्टिक ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. २४ तासांनी प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. टर्पेंटाइन आत जाऊन रंग सैल करतं आणि वाळताना तो बाहेर पुडीत ओढून आणतं. म्हणून वाळू देणं हाच या उपायाचा जीव आहे, ओलाच काढला तर काही होत नाही. दोन-तीन वेळा करावं लागतं. फार जुना डाग फिका होईल, तेवढ्यावर समाधान मानावं. ओट्यावर हे केलं असेल तर भाकरी थापण्याआधी तो साबणाने दोनदा नीट धुऊन काढा.

सागवानी दार

लाकडाबद्दल थोडं जपून. जुन्या सागवानी दारांना आणि कपाटांना बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं. लाख स्पिरिटमध्येच विरघळवून ते तयार करतात. म्हणजे इमल्शनचा थेंब काढायला स्पिरिट लावलं की थेंबाबरोबर पॉलिशही उतरतं आणि तिथे फिकट चट्टा राहतो. आधी दाराच्या खालच्या कडेला स्पिरिटचा एक थेंब टाकून बघा. जागा चिकट झाली तर स्पिरिट बंद. त्याऐवजी जवसाच्या तेलात कापूस भिजवून थेंबावर अर्धा तास ठेवा, मग कार्डाने अलगद उचला आणि राहिलेलं तेल पुसून घ्या. ऑइलपेंटचा ताजा थेंब असेल तर टर्पेंटाइन चालतं, पण हलक्या हाताने.

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेत वाळताना स्वतःच तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर न पडल्याने तो पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. टर्पेंटाइन आणि थिनर वापरताना तर खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरातली समई-निरांजनही तेवढा वेळ शांत करून ठेवा.

बाकीचं

काच सोपी आहे. साबणाचं पाणी लावून ब्लेड तिरकं धरून सोला, कोरड्या काचेवर कधी नको. फिल्म लावलेल्या काचेला ब्लेड लावू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगला सोडा आणि अ‍ॅसिड दोन्ही खातात, तिथे गरम पाणी आणि कार्ड पुरे. स्विचबोर्डाचा मेन आधी बंद करा. तिथे थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर नकोच, त्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. हातावरचा आणि केसांतला ऑइलपेंट खोबरेल तेल चोळून, मग साबणाने. रॉकेल आणि थिनरने हात धुणारे रंगारी आपण पाहतो, पण त्यांच्या हातांच्या भेगाही पाहाव्यात. चुना डोळ्यात उडाला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार किमान १५ मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा.

जुन्या वाड्यातल्या, चाळीतल्या खिडक्यांवर थरांवर थर रंग असतो. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून असे थर कोरडे घासू नका. भिजवून खरवडा, मुलांना तोवर दुसऱ्या घरी ठेवा आणि खरवडलेलं सगळं ओल्या फडक्याने गोळा करा.

पुढच्या वेळी

फरशीवर वर्तमानपत्रं पसरण्याची आपली सवय सोडून द्यायला हवी. ती चालताना सरकतात, भिजली की फाटतात आणि रंग खाली उतरतो. जाड प्लास्टिक अंथरून त्यावर जुन्या चादरी टाकाव्यात. चादर थेंब शोषते, प्लास्टिक तो खाली जाऊ देत नाही. कडा भिंतीलगत चिकटपट्टीने बंद करा. ओट्यावर तर दोन पदर घाला.

रंगाऱ्याशी बोलणी होतात तेव्हा आपण शेड, हात किती आणि पैसे किती एवढंच बोलतो. त्याच बैठकीत फरशी कसली आहे ते सांगा, साफसफाई कोण करणार ते ठरवा आणि अ‍ॅसिड घरात आणायचं नाही हे स्पष्ट सांगा. गेल्या वर्षी आमच्या घराचं काम निघालं तेव्हा सासूबाई स्वतः येऊन बसल्या होत्या. पहिल्या दिवशी रंगाऱ्याला चहा दिला आणि ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "याच्यावर एक थेंब पडला तर मला हाक मारा, तुम्ही पुसू नका." तीन थेंब पडले. तिन्ही वेळा त्याने हाक मारली.